एका जोताचा ट्रॅक्टर

बाबा, गेल्या आठवड्यात एक मुलगी गावात आली होती. कृषी महाविद्यालयात शिकते. हातात कागदांचं पॅड, गळ्यात ओळखपत्र, उन्हानं लाल झालेला चेहरा. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्या सगळ्यांना ती एकच प्रश्न विचारत होती, की तुम्ही ट्रॅक्टर एकदा सुरू केला की साधारण किती वेळ चालवता? कागदावर चार चौकोन होते. एक तासाच्या आत, एक ते तीन तास, तीन ते सहा, सहाच्या वर. पारावर सात-आठ जण बसले होते. मी दळण घेऊन येत होते, ती मला थांबवून म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडेही आहे ना?" मग मीही डबा खाली ठेवून बसले.

तुम्हाला ती उत्तरं ऐकायला मजा आली असती. एक जण म्हणाला, "सीझनमंदी विचारून राह्यली का बिगर सीझनमंदी?" ती म्हणाली, "सरासरी सांगा." तो म्हणाला, "सरासरी माही बायको ठरवते. तिचा फोन आला का बंद." दुसरा म्हणाला, "मी तं कळंबले भाजी आनाले बी ट्रॅक्टरच नेतो. लिहा, पाऊन तास." तिसऱ्यानं छाती काढून सांगितलं की आपला दिवसभर थांबतच नाही. सगळे हसले, कारण त्याचं वावर किती आणि त्याचा ट्रॅक्टर दिवसभर कुठं उभा असतो हे सगळ्यांना माहीत आहे. मी इतकी वर्षं हे पाहत आले आहे, बाबा. गावातले बरेचसे ट्रॅक्टर एका दमात दीड-दोन तासांच्या वर चालत नाहीत. वावरंच तेवढी राहिली आहेत. तेवढ्यात वखरून होतं, मग ट्रॅक्टर दारात येऊन उभा राहतो आणि मालक पारावर येऊन दिवसभराच्या गोष्टी सांगतो. जो खरोखर बारा-बारा तास चालतो तो भाड्यावर फिरणारा, आणि त्याच्यावर बसलेला माणूस मालक नसतो.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "एक जोत." त्या मुलीला कळेना. मी तिला सांगितलं की बैल जुंपल्यापासून सोडेपर्यंतच्या वेळाला जोत म्हणतात. सकाळी एक, उन्हं कलल्यावर दुसरं, मधे बैलाला पाणी, वैरण आणि सावली. तिनं विचारलं, "पण मॅडम, ट्रॅक्टरचं काय?" आणि मला तुम्ही दिसायला लागलात.

बैलजोडी विकून तुम्ही ट्रॅक्टर आणला तेव्हा मी सातवीत होते. बैल गेले, पण बैलांचं घड्याळ तुमच्या अंगात राहिलं. दिवस उगवायला तुम्ही ट्रॅक्टर सुरू करता आणि सूर्य डोक्यावर आला की ओळ संपवून थेट निंबाखाली येता. नुसता उभा करत नाही. आधी मागं जोडलेला कल्टिव्हेटर जमिनीवर टेकवता, पिना काढता, तो सोडवून ट्रॅक्टर हातभर पुढे घेता आणि मग बंद करता. जुंपलेल्या जनावराला आराम होत नाही, म्हणून. दोन तासांनी पुन्हा तो जोडायचा, त्यात पंधरा-वीस मिनिटं जाणार, पिन बसता बसत नाही, बोटं चेंगरतात, तरी रोज सोडायचा. मग रेडिएटरमधलं पाणी पाहायचं, बोनेटवर हात ठेवायचा. दोन वावरांमधल्या धुऱ्यापलीकडून काका ओरडतात, "काय गा, पाजलं का पानी त्याले? कुटार बी टाक थोडंसं!" हे काका म्हणजे तुमच्याबरोबर चौथीपर्यंत एका पट्टीवर बसलेले, ज्यांचं वावर आणि आपलं वावर एकाच धुऱ्याला लागून आहे ते. तुम्ही त्यांना म्हणता, "तू ये इकडे, तुले टाकतो." दोघं हसता. मला मात्र हसू येत नाही. मला लाज वाटते.

पहिल्या सर्व्हिसिंगला कळंबच्या मिस्त्रीनं तुम्हाला समजावून सांगितलं होतं, मी सोबत होते. तो म्हणाला की इंजिनाला आराम लागत नसतो, उलट घडीघडी बंद-चालू केल्यानं ते जास्त झिजतं. तुम्ही नीट ऐकून घेतलंत, "बरं," म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता ट्रॅक्टर निंबाखाली सोडलात. लोक भाड्यानं बोलवायचे ते हळूहळू कमी झाले. कोणाला अर्ध्या वावरात दोन तास थांबणारा ट्रॅक्टर हवा असतो? सतरा वर्षांची असताना एकदा मी चारचौघांत बोलून गेले, "बाबा, तो बैल नाही ना!" लोकांना आयतंच मिळालं. घरी आल्यावर आई भाकरी टाकत होती, तुम्ही चुलीपुढं बसलात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "बैल नाही ते मलेबी मालूम हाये. पन वर कोन बसते?"

मी म्हणाले, "तुम्ही."

"मंग त्याले नाही लागत आराम, मले लागते. आता मी म्हनलं का मले लागते, तं लोक म्हनतीन आळशी झाला. मशीनले लागते म्हनलं का हासतात. हासलेलं बरं." मग तव्याकडे बघत, "अन् तू चार लोकांत मले शिकवाचं नाही. घरात शिकव."

आईनं भाकरी उलटली. त्या दिवशी मला तुमचं बोलणं पटलं नाही, फक्त लागलं. बारा वाजल्यानंतर तुमचे डोळे मिटायला लागतात आणि त्या डुलकीला तुम्ही घाबरता, हे मला पुष्कळ नंतर, स्वतः स्टिअरिंग धरल्यावर कळलं. चार तासांनी आवाज कानातून डोक्यात जातो. समोरची ओळ सरळ आहे की आपण तिरके बसलो आहोत हे कळेनासं होतं. बैल दमला की आपोआप थांबतो आणि माणसाचं बरं होतं. ट्रॅक्टर थांबत नाही, म्हणून आपण थांबायचं. हे तुम्ही कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. नुसत्या पिना काढत राहिलात.

मी लग्न करून यवतमाळला गेले आणि तीन वर्षांनी परत आले, त्याबद्दल इथं लिहीत नाही, तुम्ही सगळं पाहिलंत. परत आल्यावर पंधरा दिवस मी घरातच बसून होते. सोळाव्या दिवशी चहाच्या बशीशेजारी तुम्ही ट्रॅक्टरची चावी ठेवलीत. "उद्यापासून सकाळचं जोत तुहं," एवढंच म्हणालात. गावात बाई ट्रॅक्टरवर बसलेली कुणी पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी पोरं मागं धावली, बाया घरातून बाहेर आल्या, काका धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "पोरीले बसवलं का गा? अन् तू काय करशीन, पानी पाजशीन?" तुम्ही खरंच पाण्याची बाटली घेऊन धुऱ्यावर बसला होतात. आज मी अकरा एकर स्वतः करते, पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, आणि मधल्या वेळात लिहिते. चांगलं करते, हे मी तुम्हाला बिनधास्त सांगू शकते. मला त्या सकाळनंतर माणसांची भीती वाटली नाही.

आता ते लिहिते, ज्यासाठी बसले आहे.

तुम्ही यवतमाळच्या दवाखान्यात होतात, आई तुमच्याजवळ, आणि इथं सोयाबीन निघून हरभऱ्याचं वावर तयार करायचं होतं. जमिनीतली ओल रोज उडून चालली होती. मी ठरवलं की एका दिवसात उरकायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं तुमच्याकडे यायचं. दिवस उगवायला ट्रॅक्टर सुरू केला. बारा वाजले तेव्हा निंबाकडे पाहिलं आणि वळून पुढची ओळ धरली. एक वाजला, दोन वाजले. मला फार अभिमान वाटत होता, बाबा, की मी थांबत नाहीये. तीनच्या सुमाराला शेवटच्या फेऱ्या धुऱ्याला लागून चालल्या होत्या, आणि मला ती शेवटची फेरी आठवतच नाही. आठवतो तो फक्त खणकन आलेला आवाज. कल्टिव्हेटरच्या कडेच्या फाळात धुऱ्यावरचा हद्दीचा मधला दगड अडकला होता आणि पाच-सहा हात ओढत आला होता. मी उतरले. लोखंडी सब्बल आणून तो लोटत लोटत परत नेला, पळसाच्या झाडाकडे नजर लावून ओळ पाहिली, आणि मला वाटलं तिथं उभा करून माती दाबली. जागा नीट मोजून पाहायला हवी होती. पण गाडी चुकली असती. काका तेव्हा लेकीकडे वणीला गेले होते, पाहायला कोणी नव्हतं.

त्यानंतर सहाव्या दिवशी तुम्ही गेलात.

काका परत आले ते तुमच्या बातमीनं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते वावरात गेले आणि त्यांना दगड दिसला. ज्याचा जन्म त्या धुऱ्यावर गेला त्याला मोजायला फीत लागत नाही. दगड त्यांच्या वावरात दोन वीत सरकलेला होता. तो मी लावला असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. वावर तुमचं, दगड तुमचा. पारावर ते म्हणाले, "जाता जाता दोन वीत घेऊन गेला." तेरवीला ते आले नाहीत. पहिली पंगत बसली, दुसरी बसली, आई दोनदा दारापर्यंत जाऊन पाहून आली. मग कुणीतरी येऊन आम्हाला ते वाक्य सांगितलं.

मी तेव्हाच उठून काकांकडे जायला हवं होतं. नाही गेले. आधी राग होता, की पन्नास वर्षांच्या दोस्ताबद्दल हा माणूस असं बोलूच कसं शकतो, अशा माणसाला काय सांगायचं. मग वाटलं, त्यांच्या त्या वाक्यावर कोण विश्वास ठेवणार आहे. पण लोकांनी ठेवला. तुमच्यावर गावात एक वाक्य तयार झालं, की दुपारी ट्रॅक्टर सोडे, पण धुरा नाही सोडे. कुणाचाही धुऱ्याचा वाद निघाला की ते वाक्य निघायचं आणि मी समोर असले की कुणीतरी खोकायचं. मी मान वर करून निघून जायची. आई गेली तेव्हाही तिच्या मनात तोच सल होता आणि मी तिलाही सांगितलं नाही. अठरा वर्षं, बाबा. ट्रॅक्टर बदलला, नवा आणला, रोज बारा वाजता न चुकता सोडते, पिना काढते. लोक म्हणतात बापावर गेली. आणि त्याच बापाला मी चोर म्हणून राहू दिलं.

तर पारावर त्या मुलीला मी जोत समजावून सांगत होते, तुमचं नाव घेऊन सांगत होते, की माझे वडील असेच चालवायचे, सकाळी पाच-सहा तास आणि मग सोडायचे. काका पाराच्या टोकाला बसले होते. आता ऐंशीच्या घरात आहेत, काठी आहे, पण जीभ तशीच. ते त्या मुलीला म्हणाले, "लिहून घे माय, लिहून घे. सहा घंटे वावर अन् सातव्या घंट्यात धुरा."

कुणीतरी हसलं. त्या मुलीनं गोंधळून माझ्याकडे पाहिलं. आणि मला एकदम सोपं वाटलं. मी म्हणाले, "काका, दगड बाबांनी नाही हलवला. मी हलवला. ते दवाखान्यात होते. मी नऊ तास ट्रॅक्टर थांबवला नव्हता, मला डुलकी लागली, फाळात दगड आला. मीच परत लावला, चुकीचा लावला."

काका म्हणाले, "काय म्हनलं?"

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

"काहून सांगून राह्यली आता? बापाले झाकून राह्यली का?"

"चला धुऱ्यावर," मी म्हणाले.

उन्हं उतरल्यावर आम्ही गेलो, ते, मी आणि त्यांची सून. तुम्हीच एकदा सांगितलं होतं की जुन्या माणसांनी धुऱ्याचा दगड बसवताना खाली कोळसे पुरलेले असतात, कारण लाकूड सडतं पण कोळसा सडत नाही. दगडापासून आपल्या बाजूला मी खणायला लागले. काका काठीवर हनुवटी टेकवून उभे. हातभर खाली कुदळीला काळं लागलं. मूठभर कोळसे, मातीत मिसळलेले, पण कोळसेच. वरच्या दगडापासून बरोबर दोन वीत. म्हणजे काका खरं बोलत होते, जमीन त्यांचीच आपल्याकडे आली होती. फक्त माणूस चुकीचा धरला होता.

मी आणि त्यांच्या सुनेनं दगड हलवून त्या खड्ड्यात उभा केला. माती दाबून झाली तशी काकांनी काठीनं दगड ठोकून पाहिला. मग म्हणाले, "दोन वीत गेलं खड्ड्यात. तुह्यापायी मी त्याच्या तेरवीले नाही गेलो." ते बोलतच राहिले. "पयलीपासून संगं होतो आमी. त्याच्या लग्नात बैलबंडी माही होती. अन् मी काय म्हनत राह्यलो त्याले, अठरा वर्सं? चोट्टा म्हनत राह्यलो. माह्या तोंडातून काढून घेशीन का तू ते आता?"

"नाही काका."

"मंग?"

"मग काही नाही. शिव्या द्या मला."

"त्या तं देईनच," ते म्हणाले. "आज नाही. आज मले दम नाही." सुनेचा हात धरून ते निघाले. दहा पावलांवर जाऊन थांबले, मागं न वळता म्हणाले, "पारावर मी सांगीन. तू नको सांगू. मी बोललो होतो, मीच सांगीन."

आणि त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दळणाच्या रांगेतल्या बायांनासुद्धा. माझी फजिती ते तिखटमीठ लावून सांगतात, की ही पोट्टी नऊ घंटे चालवाले गेली अन् झोपली, बापानं शिकवलं तेवढं केलं असतं तं झालं असतं. मला चालतं. मी जवळून गेले तरी ते थांबत नाहीत. मीही आता मान वर करून निघून जात नाही, उभी राहून पुरतं ऐकते. त्या मुलीचा कागद मी तीन ते सहा तासांच्या चौकोनात भरून दिला. तुमचं आणि माझं, दोघांचंही तेच खरं उत्तर आहे. नऊ तासांचा दिवस एकदाच झाला.

एक गोष्ट काकांना सांगितली नाही. ती फक्त तुमची आहे, आणि हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही म्हणूनच लिहिता येतेय. त्या संध्याकाळी मी दवाखान्यात पोचले तेव्हा आई चहा आणायला खाली गेली होती. तुम्ही माझे काळे झालेले हात पाहिलेत. विचारलंत, "दुपारी सोडला होता ना?" मी म्हणाले, "हो बाबा, बारालेच. दोन तास निंबाखाली बसली मी." तुम्ही मान हलवलीत, कूस बदललीत आणि झोपलात. किती तरी दिवसांनी इतके शांत झोपला होतात की आई परत आली तेव्हा तिनं मला बोलूही दिलं नाही. दगडाचं मला वाईट वाटतं, बाबा, आणि काकांच्या त्या अठरा वर्षांचं तर फार. त्या उत्तराचं मात्र अजूनही वाटत नाही.